गच्चीवरची तार
(रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनातील मनोगत)



सचिवसाहेब म्हणाले, "तुमच्या गच्चीवरच्या तारेबद्दल बोला." बरं झालं. काही जणांना अजून वाटतं, मी केबल फुकट बघतो!

माझा छंद हॅम रेडिओचा. त्यावर बोलायचं तर केंद्र सरकारची परीक्षा देऊन परवाना काढावा लागतो, तो मी काढलाय. त्यातूनच विमानं 'ऐकायचा' नाद लागला. उडतं विमान उपग्रहांच्या मदतीनं आपली जागा ओळखतं आणि १०९० मेगाहर्ट्झवर सेकंदाला साधारण दोनदा सांगत राहतं, मी अमुक, इतक्या उंचीवर, इथे आहे. ते पकडायला पेनड्राइव्हएवढा रिसीव्हर, जुना कॉम्प्युटर आणि जेमतेम सात सेंटिमीटरची तार पुरते. मोबाइलवरचा फ्लाइटरडार२४ चा नकाशासुद्धा २००६ साली स्वीडनमधल्या हौशी लोकांनी असेच रिसीव्हर जोडून सुरू केला. आपल्या अंकुशनगरात खाली उसाच्या गाड्यांची रांग आणि वर नागपूर-मुंबई विमानांची, दोन्ही मी घरबसल्या बघतो.

पण एक चूक कबूल करायचीय. शेजारच्या काकूंचा मुलगा पहिल्यांदाच विमानानं नागपूरहून मुंबईला निघाला. मी मोठ्या हौसेनं त्यांना बोलावलं. जालन्याच्या अंगानं ठिपका सरकताना बघून काकूंनी स्क्रीनला हात जोडले. नाशिकच्या पुढे ठिपका गेला. एकदम नाहीसा.

काकू काही बोलल्या नाहीत. कपातला चहा तसाच राहिला.

कारण साधं होतं. हे सिग्नल सरळ रेषेत येतात. अकरा किलोमीटर उंचीवरचं विमान आपल्याला चारशे किलोमीटरवरूनही ऐकू येतं. पण मुंबईत उतरायला ते खाली आलं, की पृथ्वीची गोलाई आड येते. मी हे सांगितलं, नारळावर बोट फिरवून दाखवलं. पण आईला त्या वेळी भूमिती कुठली पटायला! अर्ध्या तासानं फोन आला, "आई, उतरलो." तेव्हा कुठे त्या रडल्या.

ठिपका जाणार, हे मी आधीच सांगायला हवं होतं. आता कुणी बघायला आलं, की सगळ्यात आधी तेच सांगतो. काकू हल्ली स्वतःच म्हणतात, "गेला बाई ठिपका, आता पोचेल."

तार गच्चीच्या पश्चिमेच्या कोपऱ्यात आहे. वाळवणं घालताना तेवढी सांभाळा.