खुर्ची मिळाली, आता सहीही आपलीच हवी

(महासंघाच्या पदाधिकारी आणि संचालक महिलांच्या अभ्यासभेटीत कुर्ला, मुंबई इथं झालेलं भाषण. गटाच्या बैठकीत वाचून दाखवता यावं म्हणून इथं छापत आहोत.)



रात्रभर गाडीत बसून आलात, पहाटे कुर्ला टर्मिनसला उतरलात, चहा घेतलात आणि थेट इथं येऊन बसलात. त्यामुळं पाल्हाळ लावत नाही. आजचा विषय आहे, मोठ्या कंपन्यांच्या संचालक मंडळावर बायका किती, आणि त्या तिथं बसून काय करतात. तुम्ही म्हणाल, ताई, आमचा काय संबंध? आमची कंपनी हळदीची नाहीतर तूरडाळीची. संबंध आहे. शेवटपर्यंत ऐका, मग सांगा.

आधी आपण कुठं बसलोय ते बघू. इथून मिठी नदी ओलांडली की वांद्रे-कुर्ला संकुल लागतं. बीकेसी म्हणतात त्याला. नावात कुर्ला आहे, पण रोज सकाळी कुर्ल्याच्या बाया तिथं जातात त्या बहुतेक झाडलोट करायला, जेवणाचे डबे पोचवायला नाहीतर काउंटरवर बसायला. तिथं नाबार्डचं मुख्य कार्यालय आहे. याच नाबार्डनं १९९२ साली ५०० बचत गट बँकेशी जोडायचा प्रयोग सुरू केला, त्यातूनच आज आपल्या गटाला बँक दारात उभं करते. तिथंच राष्ट्रीय शेअर बाजार आहे, आणि तिथंच सेबी आहे. सेबी म्हणजे शेअर बाजारातल्या कंपन्यांवर नजर ठेवणारी सरकारी संस्था. ती १९८८ साली स्थापन झाली. तिच्या अध्यक्षपदी पहिली बाई, माधबी पुरी बुच, बसल्या २०२२ साली. मधे चौतीस वर्षं गेली.

आता संचालक मंडळ म्हणजे काय? आपल्या प्रभागसंघाची कार्यकारिणी असते ना, तसंच. कर्ज काढायचं का, नफा कुठं घालायचा, मोठ्या पगाराचा साहेब कोण नेमायचा, कारखाना चालू ठेवायचा की बंद करायचा, हे सगळं त्या टेबलाभोवती ठरतं. काम करणारे हजार असतात, ठरवणारे दहा-बारा. त्या दहा-बारांत बाई आहे का, एवढाच प्रश्न.

हा प्रश्न कायद्यानं सोडवायला सुरुवात केली युरोपातल्या नॉर्वे या छोट्या देशानं. तिथं २००२ च्या सुमारास मोठ्या कंपन्यांच्या शंभर संचालकांमध्ये बायका होत्या जेमतेम सहा-सात. देश सुधारलेला, बायका शिकलेल्या, नोकरी करणाऱ्या, तरी ही गत. तिथल्या उद्योगमंत्र्यांनी सांगितलं, शंभरात चाळीस बायका हव्यात. मंत्री पुरुष होते, आणि जुन्या विचारांच्या पक्षाचे होते, हे मुद्दाम सांगते. २००३ साली कायदा झाला. आधी कंपन्यांना सांगितलं, आपणहून करा. फार कुणी केलं नाही. मग २००६ पासून सक्ती झाली आणि दोन वर्षांची मुदत दिली, नाहीतर कंपनीच बरखास्त. २००८ पर्यंत चाळीस टक्के बायका मंडळावर बसल्या होत्या.

तेव्हा ओरड कोणती झाली असेल, ओळखा बघू? अगदी बरोबर. "लायक बायका आणायच्या कुठून?" आपल्याकडं सरपंचपद राखीव झालं तेव्हा हेच ऐकलं होतं आपण. पण मुदत डोक्यावर आल्यावर तिथल्या उद्योजकांच्या संघटनेनंच बायकांना मंडळावर बसण्याचं प्रशिक्षण द्यायला सुरुवात केली. म्हणजे बायका होत्याच, शोधायची गरज कुणाला वाटली नव्हती.

नॉर्वेचं बघून स्पेन, फ्रान्स, इटली, जर्मनी यांनीही आपापले कायदे केले. सगळ्या युरोपीय संघासाठी एक नियम करायचा प्रस्ताव २०१२ साली आला आणि दहा वर्षं अडून राहिला. शेवटी २०२२ साली मंजूर झाला. रोजचा कारभार न बघणाऱ्या संचालकांपैकी चाळीस टक्के, नाहीतर सगळ्या संचालकांपैकी तेहतीस टक्के जागा, ज्यांची संख्या कमी आहे त्यांच्याकडं हव्यात, म्हणजे आज तरी बायकांकडं. जून २०२६ अखेरची मुदत.

पण सगळं गोड झालं असं समजू नका. नॉर्वेत काही कंपन्यांनी या कायद्यातून सुटायला कंपनीचा प्रकारच बदलून घेतला. काही ठिकाणी त्याच त्याच चार बायका अनेक मंडळांवर दिसू लागल्या. आणि रोजचा कारभार हाकणारा जो सर्वांत मोठा अधिकारी, त्या खुर्चीवर युरोपात आजही बायका फार थोड्या आहेत. कायदा दारापर्यंत नेतो. आत गेल्यावर काय करायचं, ते आपलं आपल्याला बघावं लागतं.

आता आपल्या देशात या. कंपनी कायदा, २०१३. शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्या आणि ठरावीक आकारापुढच्या मोठ्या पब्लिक कंपन्या यांच्या मंडळावर निदान एक बाई हवीच, असं त्यात लिहिलं. चाळीस टक्के नाही हं, एक. सेबीनं आधी ऑक्टोबर २०१४ ची मुदत दिली, ती वाढवून १ एप्रिल २०१५ केली. चुकल्यास दंड लावला. मग शेवटच्या दिवसांत धावपळ उडाली. आणि पुष्कळ कंपन्यांनी केलं काय? मालकाची बायको, मुलगी, बहीण, सून मंडळावर नेऊन बसवली. त्यातल्या काही खरोखर कर्तबगार होत्या, त्यांना नाव ठेवायचं नाही. पण जिला घरी विचारत नाहीत, तिला बैठकीत कोण विचारणार?

हसलात ना? कारण तुम्हाला हे माहीत आहे. बाई सरपंच आणि कारभार सरपंचपतीचा. गावातलं दुखणं आणि मोठमोठ्या इमारतीतलं दुखणं एकच निघालं. फरक एवढाच, की तिथं खुर्ची गादीची असते.

मग सेबीनं पुढचं पाऊल टाकलं. १ एप्रिल २०१९ पासून सर्वांत मोठ्या ५०० कंपन्यांना, आणि १ एप्रिल २०२० पासून १,००० कंपन्यांना, मंडळावर एक स्वतंत्र महिला संचालक सक्तीची झाली. स्वतंत्र म्हणजे मालकाच्या नात्यातली नको आणि कंपनीशी पैशाच्या देवघेवीत अडकलेली नको. म्हणजे ती "नाही" म्हणू शकेल. माझ्या मते सगळ्या कायद्यात हा एक शब्द मोलाचा आहे. बाई असणं पहिली पायरी. नाही म्हणता येणं दुसरी.

आता एक गोष्ट खुद्द कुर्ल्याची. इथून लालबहादूर शास्त्री मार्गानं घाटकोपरकडं निघालात की कमानी नावाचा थांबा लागतो. हे नाव कमानी कुटुंबाच्या कारखान्यांवरून पडलं. त्यातली कमानी ट्यूब्ज ही तांब्या-पितळेच्या नळ्या बनवणारी कंपनी. मालकांची भांडणं झाली, कारखाना बंद पडला. १९८० च्या दशकाच्या अखेरीस तो कामगारांच्याच हाती सोपवला गेला. देशात गाजलेला प्रयोग होता तो. पण पुढं तोही कर्जात बुडाला. शंभर कोटींच्या वर देणं, कोर्टात खटल्यांचा ढीग आणि शेकडो कामगारांचे पगार थकलेले.

तेव्हा कामगार मदत मागायला एका बाईकडं गेले. कल्पना सरोज. अकोला जिल्ह्यातल्या खेड्यात, दलित कुटुंबात जन्म. बाराव्या वर्षी लग्न, मुंबईच्या झोपडपट्टीत सासर, तिथला छळ. वडिलांनी परत नेलं. सोळाव्या वर्षी पुन्हा मुंबईत येऊन कपड्यांच्या कारखान्यात कामाला लागल्या, रोज दोन रुपये. पुढं सरकारी योजनेतून कर्ज घेऊन शिलाईचा धंदा, मग फर्निचर, मग बांधकाम. व्यवस्थापनाची पदवी नाही. २००० साली त्या कमानी ट्यूब्जच्या संचालक मंडळाच्या अध्यक्ष झाल्या. वेगवेगळ्या विषयांतले जाणकार सोबत घेतले, बँकांशी बसून देण्याचा हिशोब सोडवला, दंडव्याज माफ करून घेतलं. २००६ साली कंपनी त्यांच्या ताब्यात आली. बँकांचं देणं आणि कामगारांचे थकलेले पगार मुदतीच्या आत फेडले. पुढं कारखाना वाड्याला हलवला. २०१३ साली त्यांना पद्मश्री मिळाली, आणि त्याच वर्षी सुरू झालेल्या भारतीय महिला बँकेच्या संचालक मंडळावरही त्या बसल्या.

ही गोष्ट सांगून "तुम्हीपण व्हा करोडपती" असं मी म्हणणार नाही. मला त्यातलं एवढंच घ्यायचंय, की त्या टेबलावर बसायला पदवीच्या आधी हिशोब समजून घ्यायची चिकाटी लागते. आणि ती आपल्याकडं आहे. दहा-बारा जणींच्या गटात महिन्याच्या महिन्याला पैसे मोजून, व्याज काढून, वहीत लिहून आपण तीच शिकलोय.

आता आपल्या घरात येऊ. इथं बसलेल्यांपैकी कितीजणी कुठल्या ना कुठल्या समितीवर आहेत? ग्रामसंघ, प्रभागसंघ तर आहेच. शिवाय कुणी दूध संस्थेत, कुणी विकास सोसायटीत, कुणी शेतकरी उत्पादक कंपनीत. नियम ऐका. महाराष्ट्राच्या सहकार कायद्यात संस्थेच्या समितीवर बायकांसाठी दोन जागा राखीव आहेत. उत्पादक कंपनीत मात्र कमीत कमी पाच आणि जास्तीत जास्त पंधरा संचालक असतात, पण "एक तरी बाई हवी" हा मोठ्या कंपन्यांचा नियम तिला लागू नाही. म्हणजे माल बायकांचा, भागभांडवलात पैसा बायकांचा, आणि मंडळावर सगळे बापे असं चालू शकतं. तिथं कायदा येणार नाही. तिथं वार्षिक सभेत हात वर करून आपल्यालाच यावं लागेल.

आणि ज्या आधीच बसल्या आहेत, त्यांना पाच गोष्टी हक्कानं सांगते.

एक. बैठकीची नोटीस आणि विषयपत्रिका आधी हातात मागा. रात्री आठची बैठक जमत नसेल तर वेळ बदला म्हणून लेखी द्या. चूल, गुरं, पोरं सांभाळून येता येईल अशी वेळ मागणं हा लाड नाही.

दोन. न वाचता सही नाही. वाचता येत नसेल तर मोठ्यानं वाचून दाखवायला लावा, त्यात कमीपणा नाही. "घाई आहे ताई, नुसती सही करा" असं कुणी म्हटलं की समजा, तोच कागद नीट बघायचा आहे. सही केली की जबाबदारी आपली असते. मग वसुलीची नोटीस आपल्या नावानं येते, आग्रह करणाऱ्याच्या नाही.

तीन. कंपनीत संचालक असाल तर तुमची डिजिटल सही असते, पेनड्राइव्हसारखी छोटी वस्तू. ती हिशोबनिसाच्या ड्रॉवरमध्ये ठेवू नका. मोबाइलवर आलेला ओटीपी विचारला की लगेच सांगू नका. चेकबुकातला कोरा चेक सही करून देऊ नका. मंगळसूत्र जसं सांभाळतो तशी सही सांभाळा.

चार. ठराव पटला नाही तर तसं बोला, आणि आपला विरोध इतिवृत्तात लिहून घ्या. नुसतं गप्प बसलं तर होकार धरतात. उद्या चौकशी झाली तर तो लिहिलेला विरोधच आपल्या बाजूनं बोलेल.

पाच. एकटी जाऊ नका. एकटी बाई बोलली की म्हणतात "बाईंचं काय ते". दोघी बोलल्या की वळून बघतात. तिघी बोलल्या की विषय वहीत लिहावा लागतो. म्हणून दोन जागा राखीव असतील तर दोन्हीवर कामाच्या बाया पाठवा, आणि तिसरीनं खुल्या जागेवर अर्ज भरावा. राखीव जागा म्हणजे कमीत कमी. तेवढ्यावरच थांबा असं कुठल्याच कायद्यात लिहिलेलं नाही.

घरातून विरोध होईल, हे मला माहीत आहे. नवरा म्हणेल, तुला काय कळतं त्यातलं. त्याच्याशी भांडत बसू नका. पुढच्या बैठकीचा ताळेबंद घरी आणा आणि जेवण झाल्यावर त्याच्यासमोर बसून वाचा. कळत नसेल ते दोघांनी मिळून शोधा. पण बैठकीला जाताना तुम्हीच जा.

आता गटात परत गेल्यावर एकच काम करा. पुढच्या बैठकीच्या विषयात हा विषय लिहा: "आपल्या गावातल्या कोणकोणत्या संस्थेच्या समितीवर आपल्यातलं कोण आहे, आणि सही खरोखर कोण करतं?" नावं वहीत लिहा. जिथं नाव बाईचं आणि सही दुसऱ्याची, तिथं खूण करा. जिथं बाईच नाही, तिथं निवडणूक कधी आहे ते विचारून घ्या आणि कोण उभं राहणार ते आत्ताच ठरवा. अर्ज भरायच्या आदल्या रात्री नाही.

नॉर्वेला पाच वर्षं लागली. युरोपीय संघाचा नियम दहा वर्षं अडून राहिला. आपल्या दूध संस्थेची निवडणूक त्याआधी येईल. तयारीला लागा.