घरातली यंत्रे एकमेकांना हाक कशी मारतात
(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



दरवर्षी या दिवशी पाककृतींवर नाहीतर मुलांच्या संगोपनावर कोणीतरी बोलते. यंदा चिटणीसबाईंनी मला हा निराळा विषय दिला, त्याला कारण आमच्या घरी चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला झालेली फजिती. बायका आंब्याची डाळ आणि पन्हे घेत बसल्या होत्या, टीव्हीवर भावगीते हळू लावली होती. ती एकाएकी बंद पडली आणि मोठ्या आवाजात भलतेच धांगडधिंग्याचे गाणे सुरू झाले. कोणी हात लावला नव्हता. मागाहून उलगडा झाला. वरच्या खोलीत भाड्याने राहणाऱ्या विद्यार्थ्याने आपल्या मोबाईलवर गाणे लावताना चुकून एक खूण दाबली आणि ते आमच्या टीव्हीवर गेले. मुलगा बिचारा दहादा माफी मागून गेला. पण माझ्या मनात राहिले, की आमच्या टीव्हीची ओळख त्याच्या मोबाईलला करून दिली कोणी?

कोणीच नाही. ती त्यांची त्यांनी करून घेतली.

नवे यंत्र घरच्या वायफायवर आले की आधी त्याला एक क्रमांक लागतो. तो बहुधा राउटर, म्हणजे कोपऱ्यात लुकलुकणारा डबा, देतो. देणारा कोणी नसेल तर काही यंत्रे स्वतःच एक क्रमांक निवडतात, पण आधी ‘हा कोणाचा आहे का?’ असे विचारून घेतात. एवढे झाले की यंत्र दवंडी पिटते, ‘मी टीव्ही, मी आलो आहे.’ ही दवंडी एकट्यादुकट्याला उद्देशून नसते. तिच्यासाठी एक सामाईक पत्ता राखून ठेवला आहे, २३९.२५५.२५५.२५०. पाठ करण्याचे कारण नाही. गावचा पार समजा. ज्याला ऐकायचे तो तिथे कान लावून असतो. मोबाईललाही गरज पडली की तोच पारावर हाक देतो, ‘चित्र दाखवणारे कोणी आहे का?’ हाक सगळ्यांना ऐकू जाते, पण ज्याचे ते काम तोच ओ देतो. प्रिंटर गप्प बसतो.

ओ देताना टीव्ही आपल्या माहितीचा कागद कुठे आहे तेही सांगतो. त्या कागदात नाव, बनावट आणि येणाऱ्या कामांची यादी असते: गाणे लावणे, थांबवणे, आवाज कमीजास्त करणे. मोबाईल ती वाचतो आणि त्यातलेच काम सांगतो. ‘आवाज वीसवर आण.’ टीव्ही ते करतो आणि ‘झाले’ म्हणून कळवतो, जमले नाही तर का जमले नाही ते सांगतो. शिवाय मोबाईल सांगून ठेवू शकतो, की तुझ्यात काही बदल झाला तर मला कळव. मग आपण रिमोटने आवाज वाढवला तरी मोबाईलवरचा आकडा सरकतो. दवंडीला मुदत असते. ती संपण्याआधी पुन्हा द्यावी लागते, म्हणजे वीज जाऊन बंद पडलेल्या यंत्राचे नाव यादीत उगाच राहत नाही. निघताना निरोप घेण्याचीही रीत आहे. (आमच्या घरची काही माणसे एवढे करत नाहीत.)

ही पद्धत ठरवण्यासाठी १९९९ साली अनेक कंपन्यांनी एकत्र येऊन यूपीएनपी नावाचा मंच काढला. हेतू चांगला होता. घरच्या माणसाला काही जोडाजोडी करावी लागू नये. पण त्यांनी धरून चालले की जो घरात आहे तो घरचाच. म्हणून हाक मारणारा कोण, हे यंत्र सहसा विचारीत नाही. आमच्या वायफायचा पासवर्ड मीच त्या मुलाला दिला होता, तेव्हा टीव्हीच्या लेखी तो घरचाच झाला.

आता याच्या उलट ऐका. शेतावरच्या मोटारीचा मोबाईल स्टार्टर आपल्याकडे सर्वांना ठाऊक आहे. पुण्याच्या संतोष ओस्तवाल यांच्या ‘नॅनो गणेश’मुळे मोबाईलवरून शेतपंप चालवण्याची कल्पना पुष्कळांपर्यंत पोहोचली. तिथे दवंडी नाही. स्टार्टरमध्ये सिमकार्ड असते, त्याचा नंबर माहीत असावा लागतो, आणि पुष्कळ स्टार्टर नोंदवलेल्या नंबरांखेरीज कोणाचे ऐकत नाहीत. गेल्या उन्हाळ्यात यजमान परगावी आणि त्यांचा फोन बंद. विहिरीचे पाणी तळाला गेलेले, मोटर चालूच. माझा नंबर नोंदवलेला नव्हता! रात्री अकरा वाजता बॅटरी घेऊन मी बांधावरून गेले आणि हाताने मोटर बंद केली. दुसऱ्या दिवशी आधी माझा नंबर घालून घेतला, मग चहा. भगिनींनो, आपापल्या घरी हे एकदा विचारून पाहा.

घरातल्या हाकेला उंबरठ्याचा आडोसा असतो असे आपण समजतो. पण काही यंत्रे राउटरला बाहेरचे दार उघडायला सांगू शकतात, आणि तो निमूटपणे उघडतो. काही राउटर तर बाहेरून आलेल्या हाकेलाही ओ देत. २०१३ साली रॅपिड सेव्हन या संस्थेने इंटरनेटवरून अशी हाक देऊन पाहिली, तर ८ कोटींहून अधिक पत्त्यांवरून उत्तर आले. अंगणात किंवा पाळण्यापाशी कॅमेरा लावलेला असेल तर ही केवळ गंमत राहत नाही.

यावर करायचे ते फार नाही. राउटर आणि कॅमेरा यांचे कंपनीने दिलेले पासवर्ड पहिल्या दिवशीच बदलावेत. राउटरमधली यूपीएनपीची सोय लागत नसेल तर बंद ठेवावी. पाहुण्यांसाठी आणि भाडेकरूंसाठी वेगळे वायफाय बहुतेक राउटरवर करता येते. आमच्याकडे आता तसे केले आहे, आणि टीव्ही गप्प आहे. २०२२ च्या ऑक्टोबरात ‘मॅटर’ नावाची नवी पद्धत निघाली. तीत नवे यंत्र घरात घेताना त्याच्यावरचा संकेत वाचावा लागतो, मग दोन्हीकडे किल्ल्या ठरतात आणि त्यापुढे परक्याचा हुकूम चालत नाही. हाक आहेच, पण हाकेसरशी काम नाही. नवीन दिवा किंवा बटण घ्यायचे असेल तर खोक्यावर हे नाव आहे का ते पाहावे.

एक राहिले. मंडळाच्या वायफायचा पासवर्ड गेली तीन वर्षे त्या फळ्यावर खडूने लिहिलेला आहे, रस्त्यावरूनही वाचता येतो. चहा झाल्यावर तो मी पुसणार आहे. नवा चिटणीसबाईंकडे मिळेल.