चित्रकला शिकायची, पण कुठे?



आमच्या बचत गटात म्हशीसाठी, बियाण्यासाठी कर्ज मागतात. यंदा एका ताईंनी लेकीला चित्रकला शिकवायला मागितलं. "चित्रं काढून पोट भरतं का?" असं एकीनं विचारलंच. पण अंगणवाडीची भिंत त्याच पोरीनं रंगवलेली, तिचा हात सगळ्यांनी पाहिलेला. मग ठरलं, आधी चौकशी, मग पैसे.

पोरीच्या मनात मुंबईचं जे. जे. होतं. पण तिथला राहण्या-जेवणाचा खर्च ताईंना झेपणारा नव्हता. कोल्हापूर एसटीनं तासाभरावर, आणि महिलांना निम्मं तिकीट. शिवाय आबालाल रहिमान, बाबूराव पेंटर यांचं हे गाव. बाबूराव तर कुठल्या कला शाळेत न जाता शिकले आणि १९२० साली त्यांनी 'सैरंध्री' हा चित्रपट काढला. पण गावाच्या नावावर प्रवेश घ्यायचा नसतो. म्हणून आम्ही तिघी ताईंबरोबर गेलो.

पहिला प्रश्न विचारला, प्रमाणपत्र कुणाचं? एका ठिकाणी भिंतभर चित्रं होती, बोलणं गोड होतं, पण कागद त्यांच्या स्वतःच्या क्लासचा. छंदासाठी तो चालेल, नोकरीसाठी नाही. पदवी विद्यापीठाची हवी, पदविका सरकारमान्य हवी. बीएफए ही पदवी चार वर्षांची, तिला सरकारी सीईटी द्यावी लागते. शाळेत चित्रकला शिक्षक व्हायचं तर एटीडी ही पदविका आहे.

दुसरं, शिकवतात कसं? दारातली बक्षिसाची चित्रं पाहू नका. पहिल्या वर्षाच्या मुलांच्या वह्या मागा. माणूस समोर बसवून रेखाटन होतं का, रंकाळ्यावर, बाजारात नेऊन चित्रं काढून घेतात का, ते मुलींनाच विचारा. मुलींसाठी स्वच्छतागृह आहे का, संध्याकाळी वर्ग कधी सुटतो, हेही विचारा.

तिसरं, खर्च. फी एकदाच सांगतात. कागद, रंग, ब्रश, कॅनव्हास वर्षभर लागतात. तो आकडा शिकणाऱ्या मुलींकडून घ्या. फी सवलत आणि शिष्यवृत्तीसाठी कोणते दाखले लागतात, ते कार्यालयात लिहून घ्या.

आम्ही हिशेब मांडला तेव्हा दिसलं, ताईंकडे एकाच वर्षाची सोय होती. शिक्षण मध्येच सुटलं तर पैसेही गेले आणि पोरही खचली. म्हणून गटानं कर्ज वर्षावर्षाला द्यायचं ठरवलं, हप्ता दुधाच्या पैशातून. पुढच्या तीन वर्षांची नोंद आत्ताच ठराव वहीत केली. पोरीनं सीईटी दिली, आता ती रोज एसटीनं कॉलेजला जाते.

तुमच्या गावात अशी मुलगी असेल, तर तिला शाळेतच एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षांना बसवा. सीईटीचा अर्ज बारावीच्या परीक्षेच्या सुमारासच भरावा लागतो, निकालाची वाट पाहत बसू नका. आणि चौकशीला आईला एकटं पाठवू नका, गटातल्या दोघी-तिघी बरोबर जा. चौघी मिळून विचारलं, की उत्तर नीट मिळतं.