फलटणकरांच्या वतीने



बाणगंगेकाठच्या आमच्या गावात आपलं मनापासून स्वागत. हे नाईक निंबाळकरांचं फलटण. संभाजीराजांच्या मातोश्री सईबाई याच घराण्यातल्या. आमच्याकडे विमानतळसुद्धा आहे. माउलींची पालखी तिथे मुक्कामाला असते, त्यामुळे विमानांपेक्षा वारकरीच जास्त उतरतात.

पण मला सांगायचंय ते बनबिहारी निंबकरांबद्दल. १९६८ साली त्यांनी इथे कृषी संशोधन संस्था काढली. करडई झाली, शेळ्या-मेंढ्या झाल्या, आणि 'मधुरा' ही गोड ज्वारी झाली. तिच्या दाण्याची भाकरी, ताटाच्या रसाचं इंधन, चिपाडं गुरांना! पत्नी जाई निंबकर लेखिका, इरावतीबाई कर्व्यांची लेक. मेहुणी गौरी देशपांडे शेजारच्या विंचुर्णीत राहिल्या. मेहुणे आनंद कर्वेही इथे काम करून गेले. तिन्ही भावंडांचे पाय फलटणला लागले, यावर कुणी बोलत नाही, म्हणून मी बोलतो. वेळेची चिठ्ठी आलीय, पाहिली.

तर या परिषदेचा विषय, बायोगॅस. त्याच आनंद कर्व्यांनी शेणाऐवजी पिष्टमय खाद्य घालून घरगुती बायोगॅस चालवून दाखवला. २००६ साली त्यांच्या संस्थेला त्यासाठी ॲश्डेन पुरस्कार मिळाला. मी ऐकून चेकाळलो आणि मुलीच्या लग्नात उरलेला दोन पातेली भात एकदम टाकीत ओतला. तिसऱ्या दिवशी आंबट वास, शेगडी पेटेना. आमचा गडी म्हणाला, "दादा, टाकीला अजीर्ण झालं." निदान बरोबर होतं. आम्ल करणारे जिवाणू चपळ, मिथेन करणारे सावकाश. नुसतं पीठ पडलं की पहिले धावतात, दुसरे मरगळतात. म्हणून दाण्याला पाल्याची, गवताची, थोड्या शेणाची जोड, आणि तीही रोज थोडी थोडी. किती दाणा, किती पाला, ते ऐकायला मी पहिल्या रांगेत बसणार आहे.

आता माफी. हॉटेलच्या खोल्या पुरल्या नाहीत, निम्मे पाहुणे मंगल कार्यालयात गाद्यांवर आहेत. गिझर दोनच. काल पिशव्यांवर परिषदेचं नाव चुकीचं छापून आलं, ते झाकायला रात्री चिकटपट्ट्या लावल्या. कृपया सोलू नका. मंडप फुकट देणारे कोळकीचे मंडपवाले, रोज चाळीस लिटर दूध धाडणारे गवळीबंधू, ज्वारीचं पोतं देऊन नाव न सांगणारे ते आजोबा, आणि पहाटे तीनपासून भाकऱ्या थापणाऱ्या बचत गटाच्या भगिनी, सगळ्यांचे ऋण मोठे.

एक विनंती. ताटात उरेल ते मंडपामागच्या निळ्या पिंपात टाका. लिंबाच्या फोडी आणि प्लास्टिकचे चमचे मात्र त्यात नकोत.