मुठींतली विजेरी

(नभोवाणीवरील भाषण)



विजेरी ज्या घरांत नाहीं असें घर आज शोधूनहि सांपडणार नाहीं. पुष्कळ घरांत तिला अजून 'बॅटरी' म्हणतात. आपल्या लहानपणची ती पत्र्याची लांबट नळी आठवा. पोटांत दोन जाड सेल आणि तोंडाशीं हरभऱ्याएवढा बल्ब. त्या बल्बाचा उजेड आजच्या मापानें दहा ल्यूमेनच्या आसपास भरे. आज अंगठ्याहून थोडी जाड आणि अर्ध्या वितीची विजेरी हजार, दोन हजार, क्वचित् चार हजार ल्यूमेनचा आंकडा अंगावर मिरवीत दुकानांत येते. घरांतल्या साठ वॅटच्या जुन्या तारेच्या दिव्याचा उजेडहि हजार ल्यूमेनहून कमीच असे. तेव्हां हा आंकडा पाहून मनुष्य दिपून गेला तर नवल नाहीं.

परंतु विजेरी घेतांना हा आंकडा सर्वांत शेवटीं पहावा, असें माझें मत आहे. त्याच्या आधीं तीन गोष्टी विचाराव्या: तिच्या उजेडाचा रंग कसा, ती तापते किती, आणि रात्रीं अर्धवट झोपेंत ती हातीं घेणाऱ्यास कितपत साथ देते. मी कांहीं शास्त्रज्ञ नव्हे. मॅट्रिकपर्यंत शिकलों आणि पुढें सारा जन्म मुलांस गणित व पदार्थविज्ञानाचे पहिले पाठ दिले. तेवढ्या शिदोरीवर या विषयाचा बराचसा उलगडा होतो.

माझ्यासमोर तीन प्रकारच्या विजेऱ्या आहेत. पहिलीचा उजेड निळसर पांढरा असून तिचें भिंग पुढेंमागें सरकतें. दुसरींत चार दिवे शेजारीं शेजारीं बसविलेले असून आकारानें ती सर्वांत आंखूड आहे. तिसरींत एकच दिवा आहे आणि त्याचा उजेड सकाळच्या उन्हासारखा आहे. ही जाहिरात नव्हे, म्हणून करणाऱ्यांचीं नांवें घेत नाहीं.

प्रथम रंग पाहूं. जुन्या बल्बांत तार तापून लाल-पिवळी होई आणि प्रकाश देई. आजच्या विजेरींतला दिवा म्हणजे प्रकाश देणारा डायोड, ज्यास आपण एलईडी म्हणतों. लाल आणि हिरवे डायोड पूर्वींपासून होते, पण पुरेसा तेजस्वी निळा डायोड कांहीं केल्या साधत नव्हता. तो आकासाकी, अमानो आणि नाकामुरा या तीन जपानांत जन्मलेल्या शास्त्रज्ञांनीं साधला, आणि त्याबद्दल २०१४ सालीं त्यांस पदार्थविज्ञानाचें नोबेल पारितोषिक मिळालें. १९९६ सालीं जपानच्या निचिया कंपनीनें निळ्या डायोडावर पिवळा प्रकाश देणाऱ्या द्रव्याचा लेप देऊन पांढरा दिवा बाजारांत आणला. म्हणजे हा पांढरा रंग निळा आणि पिवळा मिळून झालेला आहे. त्यांत तांबड्याचा वांटा मूळचाच थोडा.

याचा परिणाम पाहण्यास उपकरण नको. देवघरांतली हळदीकुंकवाची कोयरी घ्या, खोलींत अंधार करा आणि तिच्यावर विजेरी धरा. पहिल्या विजेरीखालीं कुंकूं मळकट, विटकरीकडे झुकलेलें दिसतें. तळहात प्रेतवत् फिकट दिसतो. तिसरीखालीं कुंकूं कुंकवासारखें दिसतें आणि हातांत रक्त आहे असें वाटतें. रंग खरे दाखविण्याच्या या गुणाचें माप 'कलर रेंडरिंग इंडेक्स', म्हणजेच सीआरआय, या नांवानें देतात. उन्हाचा अंक शंभर धरला, तर साध्या दिव्यांचा सत्तरीच्या घरांत आणि निवडक दिव्यांचा नव्वदाच्या वर असतो.

दुसरें माप केल्विनचें. २७०० म्हणजे जुन्या बल्बाचा पिवळसर उजेड, ६५०० म्हणजे निळसर पांढरा, आणि ४००० ते ५००० हा मधला, डोळ्यांस सुखाचा टापू. या दोन्हीं मापांत न सांपडणारा एक दोष आहे: कांहीं दिव्यांच्या उजेडांत हिरवी झांक असते. पांढऱ्या भिंतीवर झोत टाकून त्याच्या कडेकडे पाहिलें कीं ती लगेच कळते.

खऱ्या रंगाची किंमत मात्र मोजावी लागते. तेवढ्याच विजेंत असा दिवा पांचव्या हिश्शानें किंवा त्याहूनहि कमी ल्यूमेन देतो, आणि दुकानदार म्हणतो, "ही कमी शक्तीची." येथें डोळ्याचा हिशेब ध्यानांत घ्यावा. उजेड दुप्पट भासण्यास तो निदान चौपट करावा लागतो. तेव्हां आठशें आणि हजार यांतला फरक डोळ्यास जाणवत नाहीं. कुंकवाचा रंग उडालेला मात्र तात्काळ जाणवतो.

आणि हा केवळ हौसेचा प्रश्न नाहीं. आमच्या घरीं आम्ही दोघेंहि साठी उलटलेलीं. रात्रीं वीज गेली असतां गोळ्यांच्या डबींतून गुलाबी गोळी घ्यावयाची कीं नारिंगी, हें विजेरीच्या उजेडांत ठरवावें लागतें. निळसर उजेडांत त्या दोघी सख्ख्या बहिणी दिसतात. काविळीची पिवळी झांक दिवसाच्या उजेडांत पहावी असें वैद्यकांत शिकवितात, तें याच कारणानें. गांवीं गेल्यावर पाऊलवाटेनें रात्रीं जावें लागलें, तर वाळक्या पाल्यावरची तपकिरी घोणस पाल्याहून वेगळी दिसणें ही जिवाची गोष्ट आहे. तेथें उजेड किती यापेक्षां तो दोन तपकिरी रंग वेगळे दाखवितो कीं नाहीं, याला महत्त्व अधिक.

आतां ताप. हजार ल्यूमेन देणारी विजेरी साधारण दहा वॅट वीज खाते. त्यांतल्या तीन-साडेतीन वॅटांचा उजेड होतो आणि साडेसहा वॅट उष्णता होऊन आंत राहतात. जुना बल्ब आपली बरीचशी उष्णता किरणांबरोबर पुढें फेकी. डायोडाची उष्णता मात्र मागच्या बाजूनें, विजेरीच्या धातूंतून वाट काढूनच बाहेर पडते. समजा, विजेरीचें अंग पन्नास ग्रॅम ॲल्युमिनियमचें आहे. एक ग्रॅम ॲल्युमिनियम एक अंश तापविण्यास ०.९ ज्यूल लागतात; पन्नास ग्रॅमांस ४५. दर सेकंदास साडेसहा ज्यूल येत असतां सात सेकंदांत एक अंश चढतो, म्हणजे मिनिटास आठ-नऊ अंश. सेल थोडी उष्णता शोषतो, हवा आणि हात थोडी नेतात, म्हणून प्रत्यक्ष वेग याहून कमी पडतो. तरीहि तीस अंशांवरून निघालेली विजेरी थोड्याच मिनिटांत पन्नासापाशीं पोंचते, आणि पन्नास अंश तापलेला धातु मुठींत फार वेळ धरवत नाहीं.

म्हणून चांगल्या विजेरींत उष्णता वाढूं लागतांच उजेड आपोआप उतरविण्याची योजना असते. तीस कोणीं दोष समजूं नये. तिच्यामुळें दिवा, सेल आणि आपली बोटें वांचतात. एवढ्याशा अंगाची विजेरी न तापतां अखंड देऊं शकते तो उजेड अडीचशें-तीनशें ल्यूमेनच्या घरांतला. आमच्या चार दिव्यांच्या दुसऱ्या विजेरीचे हजारों ल्यूमेन म्हणजे फुलबाजा आहे. लावल्यावर अंगण लख्ख होतें आणि मिनिटाच्या आंत ती खालीं उतरते. हातांत धरलेली विजेरी मेजावर ठेवलेलीपेक्षां थंड राहते, कारण आपलें रक्त तिची उष्णता वाहून नेतें.

डबीवरचे आंकडे वाचतांना आणखी एक गोष्ट ठाऊक असावी. २००९ सालीं अमेरिकेंत 'एएनएसआय एफएल-१' या नांवाचे मोजणीचे नियम ठरले. त्यांनुसार ल्यूमेन मोजतात ते विजेरी लावल्यापासून तीस सेकंद ते दोन मिनिटें यांच्या दरम्यान. चालण्याचा काळ मोजतात तो उजेड आरंभाच्या एकदशांश होईपर्यंत. आणि झोताचा पल्ला जेथें संपतो असें धरतात, तेथें उजेड पौर्णिमेच्या चांदण्याएवढाच असतो. म्हणजे "हजार ल्यूमेन, तीन तास" याचा अर्थ तीन तास हजार ल्यूमेन असा मुळींच नव्हे.

शेवटीं रोजचा उपयोग. घरांतल्या विजेरीचा सर्वांत मोलाचा उजेड सर्वांत मंद असतो. अंधारास पूर्ण सरावण्यास डोळ्यांस वीस ते तीस मिनिटें लागतात, आणि हजार ल्यूमेनचा एक झोत तें सारें क्षणांत घालवितो. मध्यरात्रीं उठणाऱ्यास एक-दोन ल्यूमेन पुरेत. म्हणून विजेरी प्रथम मंद लागते कीं प्रखर, हें दुकानांतच पहावें. मंद उजेडांत बोटें भरभर हालवून पहा. तीं तुटक तुटक दिसलीं, तर तो उजेड लुकलुकणारा आहे आणि वाचनास त्रासदायक ठरेल.

प्रखर विजेरी खिशांत चुकून लागली तर कापड करपूं शकतें. मागचें झांकण पाव फेरा सैल केल्यानें पुष्कळ विजेऱ्या बंद राहतात. प्रवासांत तसें करावें. मुलांच्या हातीं ती देतांना कोणाच्या डोळ्यांवर न धरण्याची ताकीद द्यावी. यांतला लिथियमचा सेल बहुधा '१८६५०' या नांवाचा असतो, म्हणजे व्यास अठरा मिलिमीटर आणि लांबी पासष्ट. चांगल्या सेलाची क्षमता साडेतीन हजार मिलिॲम्पिअर-तासांच्या आसपास असते. त्यावर नऊ हजार छापलेलें दिसलें तर तो सेल घेऊं नये. सुटा सेल किल्ल्यांबरोबर खिशांत ठेवूं नये, वेष्टन फाटलेला वापरूं नये, आणि विमानानें जातांना सुटे सेल जवळच्या पिशवींत ठेवावे, सामानांत देऊं नयेत.

तर मग तिघींत निवड कोणती? गच्चीवरून किंवा शेताच्या बांधावरून दूरचें पहावयाचें असेल, तर पहिलीचा लांब झोत कामाचा. दुसरी हौशी माणसाची. तिचा थाट थोड्या क्षणांचा आहे हें जाणून घ्यावी. उशाशीं ठेवण्यास मात्र तिसरीच. आंकड्यांत ती सर्वांत धाकटी असली, तरी अडीच वाजतां गोळीचा रंग तीच बरोबर सांगते. आज रात्रीं आपल्या घरची विजेरी कोयरीवर धरून पहा, आणि कुंकूं कसें दिसतें तें पाहून तिची जागा कोठें तें ठरवा.