गुडघेदुखी आणि अंगावरची चरबी

घाटकोपर किंवा अंधेरी स्टेशनचा जिना कठडा धरून, एकेक पायरी करत चढणाऱ्या बायका रोज दिसतात. ‘वय झालं’ म्हणून हे दुखणं अंगावर काढलं जातं. पण त्यात वजनाचा मोठा वाटा असतो. वजन एक किलोने उतरलं, की चालताना दर पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोने हलका होतो.

आणि प्रश्न नुसत्या भाराचा नाही. स्थूल माणसांच्या हाताच्या बोटांचे सांधेही जास्त झिजतात. बोटांवर कुठे शरीराचं ओझं असतं? चरबी लेप्टिनसारखी द्रव्यं रक्तात सोडते, त्यांनी सांध्यांतला दाह वाढतो, कूर्चा खराब होते. दिलासा असा, की अमेरिकेत फ्रॅमिंगहॅम शहरातल्या लोकांच्या पाहणीत दहा वर्षांत साधारण पाच किलो घटवलेल्या स्त्रियांमध्ये गुडघ्याच्या संधिवाताचा धोका निम्म्यावर आला.

चरबी आटोक्यात ठेवायची, तर भारतीय बायकांनी कंबर 80 सेंटीमीटरच्या, पुरुषांनी 90 च्या आत ठेवावी. गुडघा दुखतो म्हणून चालणं सोडू नका. बोरिवलीच्या नॅशनल पार्कात सपाट रस्त्यावर झेपेल तेवढं चाला. सूज असेल, गुडघा अडकत असेल, तर मात्र आधी डॉक्टरांना दाखवा.