दलालाची परीक्षा आणि आपली

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत संतवाङ्मयावर किंवा नाट्यसंगीतावर बोलावे, हे उचित. परंतु बी. ए.ची पदवी आणि केंद्र सरकारच्या नोकरीची तीस वर्षे एवढ्या भांडवलावर तसे बोलण्याचा आमचा अधिकार नाही. म्हणून आम्ही एक रुक्ष विषय निवडला आहे : घरे व जमिनी विकून देणाऱ्या दलालांची परीक्षा. परगावी येऊन घर करणाऱ्या प्रत्येकाचा या विषयाशी कधी ना कधी संबंध येतोच. आमचा आला, आणि तो महागात पडला.

२००९ साली आम्ही बंगळूरच्या बाहेरच्या अंगाला एक भूखंड घेतला. दाखवणारे गृहस्थ मराठी बोलत होते. परमुलखात आपली भाषा कानांवर पडली की माणसाची चिकित्सा झोपी जाते. “खाता आहे, कर भरता येतो, काळजी नको,” असे ते म्हणाले. मराठी माणसाला ‘खाते’ म्हणजे एक तर बँकेचे किंवा सरकारचे. आम्ही समजलो, खाता म्हणजे मालकी पक्की. सेवानियमांप्रमाणे खरेदीची सूचना आम्ही कार्यालयाला वेळेवर दिली. तेथे आमचा अर्ज तपासला गेला. मात्र कानडी खरेदीखत काय म्हणते, हे ना कार्यालयाने पाहिले ना आम्ही. सही केली आणि पेढे वाटले.

दोन वर्षांनी कर्जासाठी बँकेत गेलो, तेव्हा उलगडा झाला. खाता ही कर आकारणीची नोंद. ती मालकीहक्काचा दाखला नव्हे. शिवाय आमचा भूखंड ज्याला येथे ‘रेव्हेन्यू साइट’ म्हणतात त्या जातीचा. शेतजमिनीचे तुकडे पाडून विकलेला. बिनशेतीचा हुकूम, म्हणजे येथल्या बोलीत ‘डी. सी. कन्व्हर्शन’, झालेलाच नव्हता. बँकेने कर्ज नाकारले, घराचा नकाशा मंजूर होईना. भविष्यनिर्वाह निधीतून काढलेली रक्कम त्या मातीत अडकली. सौभाग्यवतींनी एका शब्दाने बोल लावला नाही, हे अधिक जड गेले. त्या गृहस्थांना मात्र आम्ही बारा वर्षे मनातल्या मनात लबाड म्हणत राहिलो.

आता परीक्षेकडे वळू. संसदेने २०१६ साली स्थावर संपदा (विनियमन व विकास) अधिनियम केला. लोकांच्या तोंडी तो ‘रेरा’ झाला. त्याच्या नवव्या कलमाने दलालाला नोंदणी सक्तीची केली. नोंदणीवाचून धंदा केल्यास दररोज १० हजार रुपये, आणि एकूण मालमत्तेच्या किमतीच्या ५ टक्क्यांपर्यंत दंड आहे. पण नोंदणी म्हणजे ज्ञान नव्हे. हे ओळखून महाराष्ट्राच्या नियामक प्राधिकरणाने, म्हणजे महारेराने, १० जानेवारी २०२३ च्या आदेशाने दलालांना प्रशिक्षण आणि परीक्षा बंधनकारक केली. प्रशिक्षण वीस तासांचे, प्रश्न पन्नास, उत्तीर्ण होण्यास चाळीस टक्के गुण. पहिली परीक्षा २० मे २०२३ रोजी झाली. अमेरिकेत ही पद्धत फार जुनी आहे. तेथे प्रत्येक राज्याचा परवाना निराळा. कॅलिफोर्नियात विक्रेत्याला १३५ तासांचे शिक्षण घेऊन दीडशे प्रश्नांच्या परीक्षेत सत्तर टक्के मिळवावे लागतात. त्या मानाने आपला आरंभ सौम्यच म्हणायचा.

आमचे धाकटे मेहुणे पुण्यात चोवीस वर्षे हाच धंदा करीत आहेत. शिक्षण बारावीपर्यंत. वयाच्या बावन्नाव्या वर्षी परीक्षा म्हटल्यावर त्यांच्या पोटात गोळा आला. नापास झालो तर पोरांना काय तोंड दाखवू, आणि धंदा बंद पडला तर खायचे काय, या दोन चिंता घेऊन ते जुलै २०२३ मध्ये आमच्याकडे पंधरा दिवस अभ्यासाला आले. रोज पहाटे कॉफीचे पेले पुढे ठेवून आम्ही प्रश्न विचारायचे आणि त्यांनी उत्तरे द्यायची, असा क्रम पडला.

पहिल्याच दिवशी चटई क्षेत्रावर गाडी अडली. आयुष्यभर ‘सुपर बिल्ट-अप’च्या हिशेबाने सदनिका विकलेल्या माणसाला प्रथमच कळले, की कायद्याच्या चटई क्षेत्रात आतल्या भिंती धरल्या जातात, बाहेरच्या भिंती, बाल्कनी आणि गच्ची धरली जात नाही. मग तेरावे कलम : नोंदणीकृत करारनामा होण्यापूर्वी किमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम बिल्डरला घेता येत नाही. मग चौथे कलम : ग्राहकांकडून आलेल्या रकमेपैकी सत्तर टक्के स्वतंत्र खात्यात ठेवून ती त्याच प्रकल्पाच्या जमिनीवर आणि बांधकामावर खर्च झाली पाहिजे.

सहाव्या-सातव्या दिवशी दहावे कलम आले. दलालाने नोंदणी नसलेला प्रकल्प विकू नये, खोटी माहिती देऊ नये, आणि ग्राहकाला हक्काची सर्व माहिती व कागदपत्रे नोंदणीच्या वेळीच मिळवून द्यावीत, असे ते सांगते. मेहुण्यांनी वही मिटली. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “भाऊजी, चोवीस वर्षांत मी कागद मागितलेच नाहीत हो. बिल्डर सांगेल ते गिऱ्हाईकाला सांगितलं. तुमच्या प्लॉटवाल्यानंही तेच केलं असेल.”

बंधुभगिनींनो, हे वाक्य आमच्या मनातून अजून गेलेले नाही. आमचा तो गृहस्थ लबाड होता की अडाणी, हे आम्हांला कधीच कळणार नाही. बुडालेल्या पैशाला त्याचा फरकही पडत नाही. परीक्षेचे खरे महत्त्व आम्हांला तेथे उमगले. परीक्षा कोणाला प्रामाणिक करीत नाही. मात्र “मला ठाऊक नव्हते” ही पळवाट ती बंद करते. त्यानंतर जो फसवतो तो जाणूनबुजून फसवतो, आणि त्याला जाब विचारता येतो.

पण तोच न्याय ग्राहकाला का लावू नये? “मला कानडी येत नाही” ही आमचीही पळवाटच होती. कर्नाटकाच्या २०१७ च्या नियमांत दलालाची नोंदणी आहे; परीक्षेची अट नाही. तेव्हा येथे अभ्यास आपणच केला पाहिजे. पाठ्यक्रम लहान आहे. दलालाचा नोंदणी क्रमांक मागावा. प्रकल्प नोंदणीस पात्र असेल तर त्याचाही. जमीन मुळात कोणाची, हे सांगणारे मूळ खरेदीखत आणि त्यापुढची साखळी पाहावी. बोजा-दाखला, म्हणजे ‘ई. सी.’, दुय्यम निबंधकाकडून स्वतः मिळवावा. जमीन शेतीची असेल तर बिनशेतीचा हुकूम पाहावा. आणि हे सारे वकिलाला दाखवावे. विकणाऱ्याने सुचवलेल्या वकिलाला नव्हे, आपण नेमलेल्या.

कार्यकारिणीला आमची एक विनंती आहे. आपल्यात दोन-तीन पिढ्या येथे काढलेली, कानडी अस्खलित वाचणारी मंडळी पुष्कळ आहेत. महिन्यातून एका रविवारी त्यांनी मंडळाच्या सभागृहात बसावे आणि नवागतांना त्यांचे कागद वाचून दाखवावेत. वकिलाचे काम त्यांनी करू नये. कागदावर काय लिहिले आहे एवढेच सांगावे. गणेशोत्सवाइतकीच ही सेवा मंडळाला शोभेल.

मेहुणे ऑगस्टमध्ये परीक्षेस बसले आणि उत्तीर्ण झाले. आता ते ग्राहकापुढे आधी कागद ठेवतात, मग घर दाखवतात. त्यामुळे काही सौदे हातचे गेले, असे ते सांगतात; पण झोप बरी लागते, असेही सांगतात. आमचा भूखंड आहे तेथेच आहे. त्याचा कर आम्ही दर वर्षी नेमाने भरतो आणि कानडी पावती आता स्वतः वाचतो.